हिवाळ्याचा गठ्ठा

माझा उजवा हात आता थरथरतो. कप बशीत ठेवताना टकटक वाजतं, म्हणून मी बशीच वापरायची सोडून दिली. धाराशिवच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "बाई, वयाचं आहे, फार मनावर घेऊ नका." ज्याचा हात थरथरत नाही त्याला असं म्हणायला काय जातं? मी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली. भूकंपानंतर सास्तूरकडं पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायची, तेव्हासुद्धा फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचे. साहेब तपासणीला आले की आधी फळ्यासमोर उभे राहायचे. माझ्या अक्षराचा मला गर्व होता, लपवायचं कशाला? आणि जायचं म्हणून नेमकं तेच गेलं.

रेघ आता मला ओढता येत नाही. ठिपके मात्र जमतात. रेघेसाठी हात चालता ठेवावा लागतो, ठिपक्याला पेन टेकवला आणि उचलला की झालं. हे मला समजलं ते शेजारच्या पोरामुळं. त्याची आई एके दिवशी त्याला माझ्या ओट्यावर आणून बसवून गेली. "बाई, जरा गिरवून घ्या की ह्याच्याकडनं. शाळंत म्हणत्यात अक्षर लई घाण हाय." सोबत मोबाइलवरून काढलेला, झेरॉक्सच्या दुकानात छापलेला एक कागद होता. वर लिहिलं होतं 'हिवाळा' आणि खाली ठिपक्यांत शब्द होते: बर्फ, हातमोजे, हिममानव. मी कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला. पोरगं माझ्याकडं बघत होतं.

"बाई, बर्फ हिवाळ्यात कसा काय? गोळेवाला तर सोनारीच्या जत्रंत येतो, उन्हाळ्यात."

त्याचं बरोबर होतं. आमच्याकडं बर्फ म्हणजे चैत्र. हिममानव म्हणजे काय हे ना त्याला ठाऊक, ना त्याच्या मास्तरला, ना मला. मी तो कागद चुलीत घातला. स्वभावच तसा आहे, आमचे हे हयात असताना म्हणायचे की तुझ्या नाकावरचा राग नाकालासुद्धा जड झाला असेल. मग मी दुरेघी वही घेतली, स्केचपेन घेतलं आणि ठिपक्या-ठिपक्यांनी 'थंडी' हा शब्द काढला. ठिपके सरळ पडले. कितीतरी दिवसांनी माझ्या हाताने माझं ऐकलं होतं, आणि मला रडू आलं. पोरगं घाबरून चप्पल घालायला लागलं, त्याला हाताला धरून बसवावं लागलं.

अशा रीतीने सुरुवात झाली. पानं वाढत गेली तसे मी त्यांचे तीन गठ्ठे केले. पावसाळ्याच्या गठ्ठ्यात चिखल, मृग, गोगलगाय, पोळा, आघाडा, छत्री. उन्हाळ्याच्या गठ्ठ्यात माठ, कैरी, गोळा, जत्रा, वावटळ, शेवया. हिवाळ्याच्या गठ्ठ्यात हुरडा, हरभरा, बोरं, शेकोटी, तिळगूळ, गोधडी आणि सगळ्यात वर आमचा शेतातला सण, येळवस. गठ्ठे जुन्या साडीच्या काठांनी बांधून ट्रंकेत ठेवायचे आणि हंगाम आला की त्या-त्या गठ्ठ्याच्या झेरॉक्स काढून आणायच्या. संध्याकाळी पाच-सहा पोरं ओट्यावर ओळीने बसायची. प्रत्येक पानाच्या तळाशी उजवीकडं मी एक चौकट काढून ठेवायचे. पान गिरवून झालं की मी ते तपासायचे आणि चौकटीत एक ठिपका द्यायचे. चांगलं असेल तर दोन. तीन ठिपके मी फार क्वचित दिले आहेत.

गिरवताना माझं एकच पालुपद असायचं. "हात हलू द्यायचा नाही. सावकाश." पोरं माझ्या हाताकडं बघायची, मग एकमेकांकडं बघायची आणि मान खाली घालून हसायची. मी बघूनही न बघितल्यासारखं करायचे.

आणि माझा एक नियम होता. शब्द त्याच्या हंगामातच गिरवायचा. 'हुरडा' हे पान ज्या आठवड्यात हुरडा निघतो त्याच आठवड्यात मिळणार. सकाळी तोंडात हुरडा, संध्याकाळी बोटाखाली हुरडा. म्हणजे शब्द नुसता डोळ्यांत राहत नाही, हातात मुरतो असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. कुणी भर पावसात 'तिळगूळ' मागितलं तर मी देत नसे. "हंगाम आल्यावर," एवढंच सांगायचे. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटायचा. त्यात कुणाचं नुकसान होत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्या ओळीत एक मुलगी होती. पहिलीत होती तेव्हापासून यायची. घर गावाच्या खालच्या अंगाला, आईबाप ऊसतोडीला जाणारे. बोलायला भारी. एकदा मी दिवाळीच्या पानात 'फटाके' हा शब्द घातला तर तिने पेन्सिल खाली ठेवली.

"बाई, ह्ये पान चुकलंय."

"काय चुकलं गं?"

"माजी मावशी तेरखेड्याला हाय. तिथं उन्हाळ्यातच फटाक्याला ऊन दावत्यात. दिवाळीला तर इकून मोकळी हुत्यात."

मी वाद घातला नाही. 'फटाके' उन्हाळ्याच्या गठ्ठ्यात नेऊन ठेवला आणि तिच्या चौकटीत दोन ठिपके दिले, एक अक्षराचा आणि एक अकलेचा. त्या दिवसापासून मी नवीन पान केलं की आधी तिला दाखवायचे. खरं सांगायचं तर मी तिची वाट बघायचे. बाकीची पोरं आईनं ढकललं म्हणून यायची, ही स्वतःहून यायची. पान झाल्यावरही उठायची नाही, ओट्याच्या कडेला पाय सोडून बसायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. ती गेल्यावर घर एकदम मोठं वाटायचं. दोनच खोल्यांचं घर, पण वाटायचं.

दसऱ्याला आमच्याकडं पाटीपूजन असतं. पोरं पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात, झेंडूचं फूल ठेवतात. ती पाटी घेऊन माझ्याकडं यायची, आपट्याची पानं हातात द्यायची आणि पाया पडायची. मग दिवाळी व्हायची आणि एके दिवशी खालच्या आळीत ट्रॅक्टर यायचा. भांडी, गोधड्या, कोंबड्या, ज्वारीची पोती आणि त्या सगळ्याच्या वर माणसं. तीही त्या ढिगावर धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसलेली असायची. मग पाच महिने तिचा पत्ता नसायचा. गुढीपाडव्याच्या आसपास पुन्हा ओट्यावर हजर, हातावर उसाच्या पात्याचे चरे घेऊन.

तिसरीत असताना दसऱ्याच्या दोन दिवस आधी ती मला म्हणाली, "बाई, ट्रंकंत हिवाळ्याचा गठ्ठा हाय ना, त्यो मला बघू द्या की."

"हंगाम आल्यावर."

"हंगामात म्या नसतीया बाई."

तिने रागाने नाही म्हटलं, हट्टानेही नाही. आज भाजी कुठली आहे हे सांगावं तसं सांगितलं. मी तिच्याकडं बघितलं. माझ्या तेव्हा लक्षात आलं की दोन वर्षं ही मुलगी पाऊस आणि ऊनच गिरवते आहे. तिच्या वहीत हिवाळाच नव्हता. आणि एवढं लक्षात येऊनही मी गठ्ठा काढला नाही. म्हटलं, हिला दिला तर सगळे मागतील, नियम मोडला की मोडलाच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ म्हणजे मी.

"आजीपाशी राहा ना इथंच," मी म्हटलं. "बघ मग सगळी पानं तुझीच."

"आन् धाकट्याला कोण सांभाळायचं? आई उसाच्या फडात जाती."

मी तिला 'झेंडू' हे पान दिलं. तिने ते मुकाट्याने गिरवलं, पाय सोडून न बसता घरी गेली. चार दिवसांनी दिवाळीच्या आधीच त्यांचा ट्रॅक्टर निघाला. ती ढिगावरून हात हलवत होती. मीही हलवला. माझा हात तर न हलवताही हलतो.

त्या वर्षी ओटा लवकर ओस पडला. गावात इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यायला लागली होती. सकाळी सातला पोरं उचलायची, संध्याकाळी सोडायची, आल्यावर त्यांना तिथलाच ढीगभर अभ्यास. ज्या पोरामुळं हे सगळं सुरू झालं ते शेजारचं पोरगंही टाय लावून गाडीत बसायला लागलं. त्याची आई कुंपणापाशी थांबून म्हणाली, "राग मानू नगा बाई, पर आता त्याला जमंना झालंय." मी म्हटलं, "मला कशाचा राग?" आणि दार लावून घेतलं.

मुलगा पुण्याला असतो. त्याच्या मुलासाठी मी हिवाळ्याची पानं कुरिअरने पाठवून पाहिली. आठ दिवसांनी सुनेचा फोन आला. फार चांगली बोलते ती. म्हणाली, "आई, किती सुंदर केलंय तुम्ही! सध्या त्याला शाळेत कर्सिव्ह आहे ना, सुट्टीत नक्की करून घेते." मुलगा म्हणाला, "तू इकडंच ये ना आता, एकटी कशाला राहतेस?" मी गेले होते एकदा, पंधरा दिवस राहिले. तिथं मी एकटीच असायचे, फक्त सातव्या मजल्यावर. इथं निदान जमिनीवर तरी आहे.

मग येळवस आली. वेळ अमावस्या म्हणा, आमच्या इकडं तिला येळवसच म्हणतात. त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव मांडतात, पूजा करतात आणि मग मिसळभाजीची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, खीर असं शिगोशीग जेवण. ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्यानं बोलावून न्यायचं असा रिवाज आहे. आम्हाला इथं शेत नाही. नोकरीनं आणलं आणि इथंच घर बांधलं. हे असताना आम्ही दरवर्षी चार-पाच शेतं फिरायचो, शेवटच्या शेतात तर नुसतं हात जोडायचो.

त्या वर्षी शेजारीण बोलवायला आली ती गाडीत सामान भरून झाल्यावर. "बाई, चला की तुमी बी. राहून गेलं सांगायचं." मला तिचं ते 'राहून गेलं' लागलं. म्हटलं, "नको, मला बरं नाही." आणि एकदा तोंडातून गेलेलं मागं कसं घ्यायचं? दहा वाजेपर्यंत गाव रिकामं झालं. हाक मारली तर ओ द्यायला माणूस नव्हतं, दुकानाला कुलूप, पारावर कुत्री. मी हिवाळ्याचा गठ्ठा काढला. वरचं पान 'येळवस'. गिरवायला कुणी नव्हतं म्हणून मी स्वतःच पेन्सिल घेतली. आपलेच ठिपके, आपणच जोडायचे. 'य' ची पहिली गोलाई घेतानाच हात असा गेला की पेन्सिल पान फाडून पलीकडं निघाली. मी ती अंगणात भिरकावून दिली. इतकं एकटं मला हे गेले त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं. त्या दिवशी घरात माणसं तरी होती.

दुपारी फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"बाई, म्या बोलतीया." तीच होती, आईच्या फोनवरून. "आज येळवस हाय ना तिथं?"

"आहे ना. तू कुठं आहेस?"

"कारखान्याकडं, कोपीत. धाकटा झोपलाय. आई-बापू फडात गेल्यात. बाई, हितल्या लोकाला येळवस म्हाईतच न्हाय. म्या सांगितलं तर हसायला लागल्या पोरी." मग म्हणाली, "आमी रोजच कोपीत ऱ्हातो, पर येळवस न्हाय. तुमी शेतात हाव का?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलले. ओट्यावर उन्हात एकटी बसून मी तिला सांगितलं की मी शेतात आहे, कोप छान झाली आहे, भज्जी तिखट झाली आहे. ती सगळं विचारत गेली आणि मी सगळं सांगत गेले. उंडे किती खाल्ले, पांडवांना चुना कुणी लावला, आंबील गार होती का. शेवटी ती म्हणाली, "बाई, येळवसचं पान धाडा की. हंगाम हाय आता."

तेव्हा मला माझी लाज वाटली. हंगाम माझ्या ट्रंकेत होता आणि ती हंगामाबाहेर होती, आणि तिला तिथं ठेवलं कुणी? ऊसतोड माझ्या हातात नव्हती. गठ्ठा तर होता.

दुसऱ्या दिवशी मी फाटलेलं 'येळवस' नव्याने काढलं आणि गठ्ठ्यातल्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढल्या. त्यांच्या टोळीतल्या एकाचा भाऊ दर महिन्याला टेम्पोने ज्वारी पोचवायला जायचा. मी पानं प्लास्टिकच्या पिशवीत घातली, सोबत दोन पेन्सिली, आणि त्याला म्हटलं, "पोत्यात घाल, वर ठेवू नकोस." तो हसला. "बाई, ज्वारीसंगं अक्षरं बी पेरायली का?" मी म्हटलं, "तू गाडी नीट चालव."

त्यानंतर तिचा फोन आला नाही. त्या नंबरवर मी तीनदा लावला, बंद लागला. मला भीती वाटायला लागली. पानं पोचली नसतील, पोचून चुलीत गेली असतील. याहून मोठी भीती मी कुणाला सांगितली नाही. पोरगी आता नऊ वर्षांची होत होती. या वयात फडावर हातात कोयता येतो, मोळ्या बांधायचं काम येतं, आणि एकदा हात तिकडं वळला की तो पेन्सिलीकडं वळत नाही. अशा मुली मी नोकरीत किती बघितल्या त्याची मोजदाद नाही. परत आल्यावर त्या रस्त्यात भेटल्या तर हसतात, पण ओट्यावर येत नाहीत. ही आली नाही तर माझ्याकडं कुणीच येणार नव्हतं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी अंगण झाडत होते तर फाटकाशी ती उभी. उंच झाली होती, रापली होती. आली ती सरळ ओट्यावर बसली, पाय सोडून.

"घ्या," म्हणाली आणि पिशवी पुढं केली. माझीच पिशवी, आत माझी पानं. कोपऱ्यांना ज्वारीचं पीठ, काही पानांवर काळे डाग, उसाचं पाचट जाळल्याची काजळी. सगळी गिरवलेली होती. हुरडा, हरभरा, बोरं, शेकोटी. येळवस तर तिने त्याच पानावर ठिपक्यांच्या खाली, ठिपके नसताना, अजून चारदा लिहिला होता. मी एकेक चौकट भरत गेले. त्या दिवशी तीन ठिपके किती वेळा दिले ते विचारू नका.

"आन् ह्ये," म्हणत तिने परकराच्या खिशातून अजून एक गठ्ठा काढला. वहीची सात-आठ पानं, परकराच्या नाडीच्या तुकड्याने बांधलेली. "ह्ये तुमच्यासाठी. माज्या हिवाळ्याचं शब्द हायत. म्या ठिपकं काढल्यात. तुमाला रेघ येत न्हाय ना, गिरवा म्हंजी येईल."

मी गाठ सोडायला लागले तर तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि हुबेहूब माझ्यासारखं तोंड केलं.

"आत्ता न्हाय बाई. हंगाम आल्यावर."

असा चापट खाल्ल्यासारखा चेहरा माझा कधी झाला नसेल. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारीण कुंपणापाशी येऊन बघून गेली.

तो उन्हाळा आणि तो पावसाळा चांगला गेला. ती रोज यायची. आता तिला ठिपके लागत नव्हते, पण मी काढायचे आणि ती गिरवायची. तिची आई एकदा म्हणाली, "बाई, लई नादी लावलं तुमी हिला. तिथं बी दगडावर, ट्रॉलीवर, कुठं बी लिव्हत बसती." बोलणं तक्रारीचं होतं, पण चेहऱ्यावर तक्रार नव्हती. मी यंदा पुन्हा विचारून पाहिलं, आजीपाशी ठेवता येईल का, शिक्षकांशी मी बोलते. आई जमिनीकडं बघत राहिली. "आवंदा तरी न्हाय बाई. पुढच्या साली बगू." धाकटा अजून धाकटाच होता.

दसऱ्याला तिने पाटीवर सरस्वती काढली, आपट्याची पानं दिली. या वेळी हिवाळ्याचा गठ्ठा मी स्वतःच तिच्या हातात ठेवला, नवीन पानं घालून. दिवाळीनंतर ट्रॅक्टर आला. तिने ढिगावरून ओरडून सांगितलं, "बाई, माजी पानं इसरू नगा!" मी म्हटलं, "हंगाम आल्यावर!" ट्रॅक्टरवरची बायामाणसं हसली. ट्रॅक्टर वळणावर गेला, मी घरात आले आणि घर पुन्हा मोठं झालं.

यंदाच्या येळवसला शेजारणीने चार दिवस आधीच सांगितलं होतं. गेल्या वर्षीचं तिच्या मनाला लागलं असावं. मी सकाळी तिला म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं, मला एक काम आहे, मागून येते." दहा वाजता गाव रिकामं झालं. मी ओट्यावर चटई टाकली, पेन्सिलीला टोक केलं आणि ट्रंकेतून तिचा गठ्ठा काढला. नऊ महिने मी त्याची गाठ सोडली नव्हती. माझा नियम एवढ्या काटेकोरपणे मीसुद्धा कधी पाळला नसेल.

पहिलं पान 'फड'. मग 'मोळी', 'वाढं' म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, 'पाचट', 'धुकं', 'कोपी'. प्रत्येक पानाच्या तळाशी उजवीकडं चौकट, माझ्यासारखीच. ठिपके कुठं दाट, कुठं विरळ. थंडीत कुडकुडत बसून काढल्याचं कळत होतं. मी गिरवायला घेतलं. 'फड'ची उभी रेघ खाली येता येता दोनदा बाहेर गेली. 'मोळी'च्या 'ळ'मध्ये तर हात असा घुटमळला की ते अक्षर न राहता जिलबी झाली. मला राग आला. पेन्सिल फेकायला हात वर गेलासुद्धा. पण हे तिचं पान होतं, फाडायचं धाडस झालं नाही. मी सावकाश पुढं जात राहिले. एक शब्द व्हायला किती वेळ लागला कुणास ठाऊक, ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं होतं.

शेवटच्या पानावर एक शब्द नव्हता, सबंध ओळ होती. ठिपक्यांमधून ती वाचायला मला चष्मा पुसावा लागला.

'हात हालला तरी चालतंय बाई.'

मी पोरांना हात हलू द्यायचा नाही म्हणायचे तेव्हा ती माझ्या हाताकडं बघायची हे मला माहीत होतं. ती त्या कोपीत, धाकट्याला मांडीवर घेऊन, हे बोलणं ठिपक्या-ठिपक्यांनी काढत बसली होती आणि मी इकडं तिचा फोन का लागत नाही म्हणून कुढत होते. रिकाम्या गावात, ओट्यावर बसून मी मोठ्याने रडले. ऐकायला कुणी नव्हतं, तेवढी एक सोय होती.

मग डोळे पुसले आणि ती ओळ गिरवली. हात हलला. रेघ ठिपक्यांच्या कधी या बाजूने गेली, कधी त्या बाजूने, पण ओळीच्या टोकापर्यंत गेली. कितीतरी वर्षांनी मी सबंध एक ओळ लिहिली होती. पलीकडच्या शिवारातून पोरांचा ओरडा ऐकू येत होता, पूजा झाली असावी.

मी पानं जुळवली, नाडी बांधली. चौकटी मात्र सगळ्या मोकळ्या ठेवल्या. तपासायचं काम तिचं आहे, आणि पाडवा अजून तीन महिने लांब आहे.